मकोंडे पठारावरील दोन वर्षें

श्रोतेहो, नेवाला हें नांव आपल्यापैकीं फार थोड्यांच्या कानांवरून गेलें असेल. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर टांझानिया नांवाचा देश आहे. त्याच्या अगदीं दक्षिणेस रुवुमा नदी वाहते व तिच्या पलीकडे मोझांबिकची हद्द लागते. या नदीच्या अलीकडे मकोंडे लोकांचें एक उंच, सपाट पठार आहे आणि त्या पठाराच्या पश्चिम कडेवर, खालीं खोल दरी दिसेल अशा जागीं, नेवाला गांव वसलेलें आहे. तेथून कांहीं कोसांवरच्या एका खेड्यांतील माध्यमिक शाळेंत २०१७ च्या जानेवारीपासून २०१८ च्या डिसेंबरपर्यंत मी गणित शिकवीत होतें. पगार नव्हता; राहावयास दोन खोल्यांचें घर व पोटापुरता भत्ता, एवढ्यावर एका स्वयंसेवी संस्थेनें मला पाठविलें होतें. परत आल्यावर पुष्कळ जण विचारतात, "तुम्हीं तेथें जाऊन त्या लोकांसाठीं काय केलेंत?" या प्रश्नाला माझ्याजवळ सरळ उत्तर नाहीं. तेथला दिवस कसा उगवे व कसा मावळे, तें मात्र मला सांगतां येईल.

मी मूळची वेंगुर्ल्याकडील. म्त्वारा बंदराहून निघालेली बस लाल मातीच्या रस्त्यानें धुरळा उडवीत पठारावर चढली, तेव्हां दोहों बाजूंस काजूचीं झाडें, मधून मधून आंबा, मधूनच एखादा फणस, असें पाहून मी क्षणभर चक्रावून गेलें. फणसाला तेथल्या स्वाहिली भाषेंत 'फेनेसी' म्हणतात हें ऐकल्यावर तर परदेशांत आल्याची भावनाच उरली नाहीं. पैशाला 'पेसा', दुकानाला 'दुका', चहाला 'चाय', रंगाला 'रंगी', लाखाला 'लाकी'! हिंदी महासागराच्या दोन्ही कांठांमध्यें शेंकडों वर्षें गलबतांची ये-जा चालू होती, तिनें हे शब्द किनाऱ्यावर आणून टाकले आहेत. काजूचें झाड मात्र ना त्यांचें ना आपलें; पोर्तुगीजांनीं तें ब्राझीलहून आणून दोन्ही किनाऱ्यांवर लावलें. फरक इतकाच कीं, विषुववृत्ताच्या दक्षिणेस ऋतु उलटे. आपल्याकडे काजू चैत्र-वैशाखांत पिकतो, तेथें तो ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पिकतो.

दिवसाची सुरुवात नमस्कारांनीं होई, आणि हे नमस्कार म्हणजे कांहीं दोन अक्षरांचें काम नव्हे. वडील माणूस दिसतांच धाकट्यानें 'शिकामो' म्हणावयाचें. या शब्दाचा मूळ अर्थ 'मी आपले पाय धरतो' असा सांगतात. वडिलांनीं 'मरहबा' म्हणून त्याचा स्वीकार करावयाचा. मग रात्र कशी गेली, घरचीं कशीं आहेत, कामाची काय हबारी, म्हणजे खबर, हें सारें विचारून झाल्यावांचून पुढचें बोलणें सुरू होत नाहीं. कोणाच्या दारीं गेलें तर बाहेरूनच 'होडी' अशी हांक द्यावी लागते. आंतून 'करीबू' असें उत्तर आल्यावर पाऊल टाकावें. मुंबईच्या बिऱ्हाडांत दहा वर्षें काढलेल्या मला पहिल्या आठवड्यांत या सोपस्कारांचा कंटाळा आला, हें कबूल करतें. पुढें एक शब्द मला फार आवडूं लागला, तो म्हणजे 'पोले'. कोणी ठेंचाळलें, कोणी ओझें घेऊन जातांना भेटलें, कोणी नुसतें थकलेलें दिसलें, तरी त्याला 'पोले' म्हणतात. ही क्षमायाचना नव्हे. तुझा त्रास मीं पाहिला, एवढेंच त्यांत सांगावयाचें असतें. आपल्या भाषेंत याला नेमका शब्द मला अद्याप सांपडलेला नाहीं.

घड्याळानेंहि मला चांगलेंच फसविलें. तेथें तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळीं सातला एक वाजला, आठला दोन वाजले. "दोन वाजतां पालकांची सभा आहे" असें मुख्याध्यापकांनीं सांगितल्यावर मी जेवून-खाऊन, पातळ बदलून, दुपारीं दोनला शाळेंत गेलें. सभा सकाळीं आठला भरून, नव्या बाईंची वाट पाहून, केव्हांच उठली होती.

मी हिंदुस्थानांतून आलेली, म्हणून 'म्हिंदी'. आणि तेथल्या लोकांना म्हिंदी माणूस म्हणजे दुकानदार, एवढीच ओळख. "तुझें दुका कोठें आहे?" असें मला कितीदां विचारलें असेल, त्याची गणती नाहीं. एका म्हाताऱ्यानें तर, त्याच्या तरुणपणीं एका हिंदी व्यापाऱ्याच्या तराजूंत त्याचे काजू कसे नेहमींच कमी भरत, ती हकीकत मला सविस्तर ऐकविली, आणि शेवटीं, "पण दुष्काळांत उधारीहि त्यानेंच दिली," असें म्हणून माझ्याकडे असें पाहिलें कीं, त्या दोन्ही गोष्टींचा जाब मीच द्यावयाचा होता. १९७१ सालीं सरकारनें भाड्यानें दिलेल्या इमारती ताब्यांत घेतल्या, तेव्हांपासून पुष्कळ हिंदी कुटुंबें देश सोडून गेलीं. दुकान नसलेली, काजू न तोलणारी, खडू हातांत घेणारी म्हिंदी बाई हा त्या खेड्याला नवाच प्रकार होता.

शाळेंत पहिल्या वर्गांत माझ्यापुढें ऐंशींवर मुलें बसत. प्राथमिक शाळेचीं सात वर्षें हीं मुलें स्वाहिलींत शिकत, आणि माध्यमिक शाळेंत पाऊल टाकतांच सारे विषय इंग्रजींत! आपल्याकडील जुन्या हायस्कुलांची आठवण ज्यांना असेल, त्यांना हा घोळ निराळा समजावून सांगावयास नको. मीं फळ्यावर त्रिकोण काढून त्याचें इंग्रजी नांव उच्चारलें कीं ऐंशीं चेहरे कोरे राहत. स्वाहिलींत त्याला 'पेंबेतातू' म्हणतात. पेंबे म्हणजे कोपरा, तातू म्हणजे तीन. वर्गांत स्वाहिली बोलूं नये असा नियम होता. मीं दार लोटून घ्यावें, हळूच 'पेंबेतातू' म्हणावें, आणि मग ऐंशीं तोंडें एकदम खुलावींत! हा नियमभंग मीं दोन वर्षें नियमितपणें केला व त्याचा मला मुळींच पश्चात्ताप होत नाहीं.

परंतु मला आज विशेषेंकरून सांगावयाचें आहे तें पाण्याविषयीं. पाण्याला तेथें 'माजी' म्हणतात. १९०५ ते १९०७ या काळांत दक्षिण टांझानियांतील लोकांनीं जर्मन सत्तेविरुद्ध जें मोठें बंड केलें, त्याचें नांवच 'माजी माजी'. मंतरलेल्या पाण्यानें बंदुकीच्या गोळ्यांचें पाणी होईल, अशी लढणाऱ्यांची श्रद्धा होती. मकोंडे पठारावर पाऊस पडतो तो डिसेंबर ते एप्रिल. जमीन रेताड, पडलेलें पाणी तींत मुरून जातें आणि पठाराच्या पायथ्याशीं झऱ्यांच्या रूपानें बाहेर येतें. म्हणजे माणसें वर व पाणी खालीं. ज्यांच्या घरावर पत्रा आहे ते पागोळ्यांचें पाणी सिमेंटच्या भूमिगत टाकींत सांठवितात. ज्यांच्या घरावर गवत आहे त्यांना ही सोय नाहीं. नळयोजना होती, पण आमच्या बाजूच्या नळाला केव्हां पाणी येईल याचा नेम नसे. कोंकणांत आम्हांलाहि वैशाखांत पाण्याचे हाल माहीत आहेत; तरी तेथें विहिरीच्या तळाशीं कांहीं तरी असतें.

मी पोहोंचलें त्या दिवशींच मला सांगण्यांत आलें कीं, प्रत्येक शिक्षकाच्या घरीं रोज दोन बादल्या पाणी विद्यार्थी आणून देतील. माझें पाणी पहिल्या वर्गांतील चवदा वर्षांची एक मुलगी आणी. मला त्यांत कांहींच खटकलें नाहीं. उलट, गुरुगृहीं समिधा वाहून आणणाऱ्या शिष्यांच्या गोष्टींवर वाढलेल्या माझ्या मनाला त्याचें थोडें कौतुकच वाटलें. पावसाळ्यांत तें पाणी शाळेच्या टाकींतून येत होतें. मे गेला, जून गेला, टाकी आटली, बादल्या मात्र दारांत येतच राहिल्या आणि त्या कोठून येतात हें मीं विचारलेंहि नाहीं. दीड बादलीनें मी स्नान करीत असें.

ऑगस्ट संपत आला असतां ती मुलगी पहिल्या तासाला बाकावर डोकें ठेवून झोंपूं लागली. मीं तिला उठविलें, रागेंहि भरलें. मग एकदां शाळा सुटल्यावर विचारलें तेव्हां ती म्हणाली, "मी दहा वाजतां उठतें." रात्रींचे दहा म्हणजे आपल्या घड्याळांतले पहाटेचे चार. दुसऱ्या दिवशीं मी तिच्याबरोबर निघालें. पठाराची कड उतरून झऱ्यापर्यंत जावयास आम्हांला तास लागला. तेथें अंधारांत बायका व मुलींची रांग लागली होती. कोणी बोलत नव्हतें, फक्त डब्यांचा आवाज. पाणी बारीक धारेनें येत होतें. वीस लिटरची बादली डोक्यावर घेऊन ती मुलगी चढ चढूं लागली, मानेला हात न लावतां. मीं दहा लिटरचा डबा घेतला होता. वर आलें तेव्हां त्यांत निम्मेंच पाणी उरलें होतें व माझे गुडघे लटपटत होते. वाटेंत भेटणारी प्रत्येक बाई मला 'पोले' म्हणाली. तिला कोणीं म्हटलें नाहीं. तें तिचें रोजचेंच काम होतें.

त्याच दिवशीं मीं शिक्षकांच्या खोलींत जाहीर केलें कीं, यापुढें मी विद्यार्थ्यांकडून पाणी घेणार नाहीं. मला वाटलें, मीं मोठें सत्कृत्य केलें. माझे सहकारी गप्प राहिले. त्यांपैकीं एक, ज्यांना चार मुलें होतीं व ज्यांचें घर माझ्या घराला लागून होतें, शांतपणें म्हणाले, "बाई, आपण पुढल्या वर्षीं जाल. आपला भत्ता आहे, आपण पाणी विकत घ्याल. आम्ही काय करावें, तेंहि सांगून ठेवा." मला राग आला, पण त्या बोलण्याचें उत्तर मला त्या वेळीं सुचलें नाहीं आणि आजहि सुचत नाहीं. मी सायकलवाल्याकडून पाणी विकत घेऊं लागलें. काजूच्या हंगामांत लोकांच्या हातीं पैसा येतो तसा पाण्याचा भावहि चढतो; स्नान आठवड्यांतून दोनदां होऊं लागलें. हिवतापानें मी पडलें तेंहि याच सुमारास. दवाखान्यांत बोटाचा थेंब घेऊन ताप ठरविला व गोळ्या दिल्या. या गोळ्यांना तेथें 'म्सेतो' म्हणतात, कारण तींत दोन औषधें मिसळलेलीं असतात. आणि म्सेतो हेंच तेथें मुगाच्या खिचडीचेंहि नांव आहे! तापांत मला दोन्ही मिळालीं.

मी बरी होऊन शाळेंत गेलें तों त्या मुलीची जागा रिकामी. तीन दिवस गेले, आठवडा गेला. अखेर एका संध्याकाळीं दारांत 'होडी' ऐकूं आली. तिची आजी आली होती. मकोंडे लोकांत वंश आईकडून चालतो. ती मुलगी आपल्या आईच्या आईकडे राहत होती व त्या घराचा कारभार म्हातारीच्या हातीं होता. आजीला तेथें 'बीबी' म्हणतात. रीतीप्रमाणें सारे नमस्कार झाले, माझ्या तापाची चौकशी झाली, आणि मग बीबीनें विचारलें, "माझ्या नातीचा काय अपराध झाला?"

मला आधीं प्रश्नच कळला नाहीं. मग हळूहळू उलगडा झाला. पाणी आणण्याबद्दल मी त्या मुलीला महिन्याकांठीं वह्या, पेन, साबणाची वडी असें कांहीं तरी देत असें. मीं त्याला बक्षीस समजलें होतें, त्यांनीं मोबदला समजला होता, आणि हिशेब त्यांचाच बरोबर होता. २०१६ पासून तेथें सरकारी माध्यमिक शाळेंत फी नाहीं; पण गणवेश, वह्या व दुपारच्या जेवणाची वर्गणी सुटलेली नाहीं. मीं पाणी बंद केलें तेव्हां गांवांत अर्थ असा झाला कीं, मुलीनें चोरी केली असावी. आणि वह्यांसाठीं पैसे हवेत म्हणून ती आतां बाजारांतल्या एका खानावळीला पाणी भरत होती, रोज सहा बादल्या, शाळा बुडवून.

"तुम्हांला एवढी अडचण होती तर मला कां नाहीं सांगितलें?" असें मीं विचारलें. बीबी कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्या घरांत म्बाझीचीं चार पोतीं पडून आहेत. तुझ्या देशानें तीं घ्यावयाचें बंद केलें."

म्बाझी म्हणजे तूर. श्रोतेहो, त्या पठारावर मक्याच्या व कसाव्याच्या ओळींतून तूर पिकते, आणि ती मुख्यतः आपल्यासाठीं पिकते. आल्यापासून मी दर रविवारीं तिचीच आमटी करून खात होतें व घरची चव मिळाली म्हणून सुखावत होतें. २०१५ सालीं आपल्याकडे तूरडाळ किलोला दोनशें रुपयांच्या घरांत गेली होती, तें आपणांस स्मरत असेल. तो भाव पाहून आपल्या मराठवाड्या-विदर्भांतील शेतकऱ्यांनीं तूर पेरली, तशी टांझानियांतल्या शेतकऱ्यांनींहि पेरली. पुढच्या हंगामांत आपल्याकडे पीक अमाप आलें, भाव कोसळला, खरेदीकेंद्रांपुढें पोत्यांच्या रांगा लागल्या. आणि ऑगस्ट २०१७ मध्यें भारत सरकारनें परदेशची तूर वर्षाला दोन लक्ष टनांपेक्षां अधिक येऊं देऊं नये असें ठरविलें. मोझांबिकशीं आदल्या वर्षींच करार झाला असल्यानें तेथली तूर या बंधनांतून सुटली. बीबीच्या शेतांतून नदीपलीकडचा मुलूख दिसत होता. तिची तूर मात्र आदल्या सालच्या भावाच्या एखाद्या लहानशा अंशालाहि कोणी घेईना.

मी काय बोलणार! लातूरच्या बाजारांत तूर घेऊन रात्रभर गाडीखालीं झोंपलेला शेतकरी मला परका नव्हता. त्याच्यासाठीं केलेली ती तजवीज अन्यायाची होती, असें मला म्हणवेना. आणि समोर बसलेल्या म्हातारीला ती न्यायाची होती, असेंहि सांगवेना. मी फक्त 'पोले' म्हणालें. बीबीनें मान डोलविली व कामाच्या गोष्टीला हात घातला.

तोड तिनेंच काढली. माझ्या डोक्यांत ती आली नसती. मुलीनें रोज एकच बादली आणावयाची, तीहि शाळा सुटल्यावर. आणि ती झऱ्यावरून नव्हे, तर बीबीच्या भावाच्या घरीं पत्र्याची टाकी आहे तिच्यांतून. टाकी आटेल त्या दिवशीं पाणी बंद, मग माझें मीं पाहावें. त्याबद्दल मीं वह्यांचा व जेवणाच्या वर्गणीचा खर्च द्यावा, पण तो मुलीच्या हातीं न देतां बीबीच्या हातीं. शिवाय तिला व तिच्या दोन मावसभावांना संध्याकाळीं गणित शिकवावें. आणि एक पोतें म्बाझी मीं विकत घ्यावी, गेल्या सालच्या भावानें. शेवटची अट सांगतांना तिच्या डोळ्यांत मिस्किलपणा होता, पण ती तिनें मागें घेतली नाहीं. तें पोतें मला व शेजाऱ्यांना मिळून पुढल्या जूनपर्यंत पुरलें. झऱ्यावरून इतर शिक्षकांसाठीं पाणी येत होतें तें येतच राहिलें, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

दुसरें वर्ष लवकर गेलें. संध्याकाळीं कंदिलासारख्या एका सौर दिव्याभोंवतीं ओट्यावर तीन मुलें बसत. पुढें तीं सात झालीं, आणि पेंबेतातू म्हणण्यास तेथें दार लोटावें लागत नसे. त्या वर्षींच्या काजूची हकीकत स्वतंत्र भाषणाची आहे. व्यापाऱ्यांनीं देऊं केलेला भाव शेतकऱ्यांनीं नाकारला, आणि नोव्हेंबर २०१८ मध्यें राष्ट्राध्यक्षांनीं लष्कराला काजू उचलण्याचा हुकूम दिला. किलोला ३,३०० शिलिंग भाव ठरला. रस्त्यानें लष्कराच्या मोटारी जातांना पाहून बीबीच्या भावानें पूर्वींची आठवण काढली. १९७३-७४ सालीं या देशांत सुमारें १ लक्ष ४५ हजार टन काजू निघाला होता. मग लोकांना सरकारनें नव्या वसाहतींत हलविलें, झाडें दूर राहिलीं, भाव पडला, मोहोरावर भुरी रोग आला, आणि दहा-बारा वर्षांत उत्पन्न वीस हजार टनांच्याहि खालीं गेलें. "भाव चांगला आहे," असें तो म्हणाला, "पैसे हातांत पडले कीं मग बोलूं." पुष्कळांना त्या पैशांसाठीं महिनेच्या महिने वाट पाहावी लागली. मी निघालें तेव्हां त्याला ते मिळाले नव्हते.

निघण्याच्या आदल्या रात्रीं त्या मुलीनें दोन बादल्या आणून दारांत ठेवल्या. त्या वर्षींचा पाऊस नुकताच लागला होता व टाकी भरत आली होती. करारांत एकच बादली होती, म्हणून मी कांहीं बोलणार, तों ती म्हणाली, "दुसरी बीबीनें दिली आहे. प्रवासाला निघण्यापूर्वीं स्नान करावें म्हणून."

जानेवारींत मी वेंगुर्ल्यास असतांना तिच्या मामाच्या दूरध्वनीवरून निरोप आला: दुसऱ्या वर्गाची सरकारी परीक्षा ती उत्तीर्ण झाली. गणितांत गुण मध्यमच होते. निरोपाच्या शेवटीं बीबीचा प्रश्न होता, तुमच्याकडे म्बाझीचें काय झालें? मीं लिहिलें, अजून बंधन आहे. त्यानंतर वर्षांतून एकदोनदां हाच प्रश्न येई व हेंच उत्तर जाई. मुलगी चौथा वर्ग संपवून नेवाल्यांत शिवणकाम शिकूं लागली आणि निरोप तिच्या स्वतःच्या दूरध्वनीवरून येऊं लागले. मे २०२१ मध्यें आपल्या सरकारनें तुरीची आयात पुन्हां खुली केल्याचें वर्तमानपत्रांत वाचलें, तेव्हां मीं त्याच दिवशीं तिला कळविलें. संध्याकाळीं उत्तर आलें. बीबीनें विचारलें होतें, "किती दिवसांसाठीं?"

मीं पुन्हां वर्तमानपत्र उघडून पाहिलें. मुदत ऑक्टोबरअखेरपर्यंत होती. मीं तसें लिहून पाठविलें.